सोयाबीनचे पिवळे शेंडे आणि मुळांवरच्या गाठी : तणनाशकांच्या चाचण्यांत नत्राचा हिशेबही मांडला जावा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर गेल्या खरिपात एका वाचकाचा प्रश्न प्रसिद्ध झाला होता. तणनाशक फवारल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी सोयाबीनचे शेंडे पिवळे पडले आणि वाढ थबकली, आता काय करावे, असे त्यांनी विचारले होते. हा ताण तात्पुरता असतो, आठ-दहा दिवसांत पीक सावरते, तोवर एकरी थोडा युरिया द्यावा किंवा विद्राव्य खताची फवारणी करावी, असे उत्तर दिले गेले. उत्तराचा पहिला भाग बहुतेक वेळा खरा ठरतो. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला काही म्हणायचे आहे, आणि ते म्हणण्यासाठी थोडे मुळापर्यंत जावे लागेल, म्हणून पत्र लांबले तर क्षमा असावी. मी तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र हा माझा विषय होता, आणि निवृत्तीनंतर औसा तालुक्यातली वडिलोपार्जित शेती पाहतो. त्यामुळे हा प्रश्न मला प्रयोगशाळेच्या बाजूनेही भेटला आहे आणि बांधावरूनही.

माझे म्हणणे एका वाक्यात असे आहे : तणनाशकाने पिकाला किती ताण बसला हे आपण पानांच्या रंगावरून आणि शेवटी पोत्यांच्या संख्येवरून ठरवतो, पण त्या दोहोंच्या मधल्या काळात झाडाच्या आत नत्राचे, म्हणजे नायट्रोजनचे, काय झाले हे मोजतच नाही, आणि सोयाबीनसारख्या पिकात तेच मोजायला हवे.

सोयाबीनच्या वाळलेल्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र असते. म्हणजे एका क्विंटल दाण्याबरोबर सुमारे ६ किलो नत्र शेतातून बाहेर जाते. हेक्टरी २० क्विंटलांचे चांगले पीक आले तर नुसत्या दाण्यात १२० किलोंच्या आसपास नत्र भरते, आणि खोड, पाने, टरफले यांतले वेगळेच. आपण पेरणीबरोबर हेक्टरी साधारण ३० किलो नत्र देतो. उरलेले नत्र काही अंशी जमिनीतल्या सेंद्रिय द्रव्यातून येते, पण मोठा वाटा मुळांवरच्या गाठींमधले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतून मिळवून देतात. राज्यात सुमारे ५० लाख हेक्टरवर उभे राहणारे हे पीक परवडते ते या फुकटच्या कारखान्यामुळे. त्या कारखान्याला इंधन मात्र झाडच पुरवते. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडून त्याचे अमोनियात रूपांतर करायला ऊर्जावाहक एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात, आणि ही ऊर्जा पानांत तयार होऊन मुळांकडे उतरणाऱ्या साखरेतून येते. पान थांबले की गाठीची उपासमार सुरू होते.

आता वेळ पाहा. उगवणीनंतर दीड-दोन आठवड्यांत मुळांवर गाठी दिसू लागतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या खऱ्या अर्थाने कामाला लागतात, आणि फुलोरा ते शेंगा भरण्याच्या काळात त्यांचे काम शिखरावर असते. सोयाबीनमध्ये सर्वाधिक वापरात असलेल्या उगवणीनंतरच्या तणनाशकांपैकी इमॅझेथापायर हे पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर असताना, हेक्टरी १०० ग्रॅम क्रियाशील घटक या प्रमाणात फवारायचे असते. १० टक्क्यांच्या द्रावणाच्या हिशेबाने ते हेक्टरी एक लिटर होते, आपल्या भाषेत एकरी ४०० मिली. म्हणजे ज्या दिवसांत गाठ जन्माला येऊन अंग धरत असते नेमक्या त्याच दिवसांत पिकाला हा धक्का बसतो. शेतकरी त्याला ‘शॉक बसला’ म्हणतात, आणि हा शब्द मला अगदी योग्य वाटतो.

हा शॉक नत्राच्या चयापचयाशी कसा जोडलेला आहे, हे तणनाशकागणिक बदलते. इमॅझेथापायर हे अ‍ॅसिटोलॅक्टेट सिंथेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडते. या विकराशिवाय व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्ले तयार होत नाहीत. ती नाहीत म्हणून नवी प्रथिने नाहीत, आणि नवी प्रथिने नाहीत म्हणून वाढणारा शेंडा थांबतो. तण यात मरते. सोयाबीन वाचते, कारण ते हा रेणू आपल्या पेशींत लवकर बदलून निरुपद्रवी करते. पण ‘लवकर’ म्हणजे किती लवकर, हे तापमानावर, ओलीवर आणि झाडाच्या तब्येतीवर अवलंबून असते. पाणी साचलेल्या रानात किंवा पावसाने ओढ दिलेल्या रानात तेच औषध तेवढ्याच मात्रेत पिकाला अधिक बाधते, हा अनुभव अनेकांचा आहे. उसात आणि मक्यात वापरले जाणारे अ‍ॅट्राझिन वेगळ्या दाराने आत शिरते. ते हरितलवकातला, म्हणजे पानाच्या पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या कणातला, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह अडवते. जमिनीतून घेतलेल्या नायट्रेटचे झाडात आधी नायट्राइट होते; त्या नायट्राइटचे अमोनियात रूपांतर करायला हरितलवकात सहा इलेक्ट्रॉन लागतात, ते मिळेनासे झाले की विषारी नायट्राइट पानात साचू लागते. ग्लुफोसिनेट तर थेट ग्लुटामिन सिंथेटेज या विकरावरच बसते, म्हणजे अमोनिया पकडून त्याला सेंद्रिय रूप देणाऱ्या पहिल्याच पायरीवर, आणि झाडात अमोनिया साठत जातो. अ‍ॅसिफ्लुओरफेन किंवा फोमेसाफेन यांसारखी करपवणारी औषधे नत्राच्या कोणत्याही विकराला हात लावत नाहीत. पण काही दिवस पानाचा कारभार विस्कळीत करून गाठींकडे जाणारी साखर तोडतात. यांतले प्रत्येक औषध वेगळे, त्याची खूण वेगळी, आणि म्हणूनच सर्वांनी पिकाला केलेली इजा शून्य ते दहाच्या एकाच नजरअंदाजाच्या पट्टीने मोजणे पुरेसे नाही.

माझ्याच शेतातला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी फवारणी चालू असताना पाठीवरचा पंप बिघडला आणि बांधालगतच्या चार ओळी फवारायच्या राहून गेल्या. त्या ओळी नंतर बायांकडून खुरपून घेतल्या. फवारणीनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी दोन्हीकडची झाडे मी ओल्या रानातून खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढली, बादलीत पाणी घेऊन मुळे धुतली आणि गाठी ब्लेडने उभ्या कापून पाहिल्या. खुरपलेल्या ओळींतल्या बहुतेक गाठी आतून लालसर गुलाबी होत्या. हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाचा असतो, आणि तो दिसला म्हणजे गाठ काम करते आहे असे समजावे. फवारलेल्या ओळींतल्या गाठी संख्येने कमी नव्हत्या. पण त्या लहान होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच आतून फिक्या, पांढरट-हिरवट होत्या. फुलोऱ्यात पुन्हा झाडे काढली तेव्हा दोन्हींतला फरक डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हता. आता यावरून काय म्हणावे? पीक सावरले, असे म्हणता येईल. मधल्या दोन-अडीच आठवड्यांत जे नत्र यायचे ते आले नाही आणि झाडाने ते जमिनीतून उचलून वेळ मारून नेली, असेही म्हणता येईल. चार ओळींवरून निष्कर्ष काढण्याइतका मी उतावळा नाही. पण चार ओळींवरून प्रश्न मात्र नक्की उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधणे हे एकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तणनाशकांवर लिहिले की लगेच पक्ष पाडले जातात. मी तणनाशकांच्या विरोधात नाही. जुलैत सलग आठ दिवस पाऊस लागला की वाफसा येत नाही, कोळपे चालत नाही, आणि खुरपणीला माणूस सांगून मिळत नाही. तेवढ्यात केना, लव्हाळा आणि शिप्पी सोयाबीनच्या डोक्यावर जातात. तणाने खाल्लेले नत्रही नत्रच असते, आणि दाट तणाच्या सावलीत गाठींना साखर मिळत नाही ती नाहीच. तेव्हा तुलना ‘तणनाशक की निसर्ग’ अशी नाही. तणनाशक, खुरपणी आणि कोळपणी यांच्या निरनिराळ्या मेळांत पिकाच्या हाती शेवटी किती नत्र लागते, ही खरी तुलना आहे.

आपल्याकडे तणनाशकाची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते आणि त्यासाठी परिणामकारकता, पिकावरील दुष्परिणाम, अवशेष आणि विषारीपणा यांची माहिती द्यावी लागते. पुढे कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर चाचण्या होऊन शिफारशी निघतात. या चाचण्यांत तणांची संख्या, तणांचे वाळलेले वजन, तणनियंत्रणाची टक्केवारी, पिकावरचा दृश्य परिणाम, उत्पादन आणि नफा-खर्चाचे गुणोत्तर ही माहिती काटेकोरपणे घेतली जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अनेक प्रबंधांत झाडामागे गाठींची संख्या आणि त्यांचे वजनही असते. हे काम मी कमी लेखत नाही. पण शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या घडीपत्रिकेत या गाठींचा उल्लेख येत नाही, आणि जे मोजले जाते त्यातही नत्राच्या वाटचालीचा धागा बहुधा सुटलेला असतो. शिवाय तो धागा चुकीच्या ठिकाणी पकडला तर मोजमाप दिशाभूल करते. माझ्या पत्रातला हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण सर्वात महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो.

पहिली फसगत टक्केवारीची आहे. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधलेली नत्र मोजण्याची पद्धत आजही जगभर वापरली जाते आणि ती उत्तमच आहे. तिच्यातून पानात किती टक्के नत्र आहे ते कळते. पण ज्या झाडाची वाढ खुंटली आहे त्यात नत्राची टक्केवारी अनेकदा वाढलेली दिसते, कारण नत्र तेवढेच राहते आणि ते पसरायला अंग मात्र वाढलेले नसते. अशा झाडाकडे पाहून ‘तणनाशकामुळे नत्राचे प्रमाण वाढले’ असे लिहिणे म्हणजे विहीर आटल्यावर तळाच्या पाण्याचा खारटपणा वाढला म्हणून समाधान मानण्यासारखे आहे. टक्केवारीला वाळलेल्या वजनाने गुणून झाडामागे किंवा हेक्टरी एकूण किती नत्र उचलले गेले, हाच आकडा पाहिला पाहिजे. आणि केल्डालच्या साध्या पद्धतीत नायट्रेटच्या रूपातले नत्र पूर्णपणे पकडले जात नाही, त्यासाठी सॅलिसिलिक आम्लाची जोड द्यावी लागते, हेही विसरून चालत नाही.

दुसरी फसगत मुक्त अमिनो आम्लांची. पानाच्या अर्कात निनहायड्रिन हे रसायन टाकले की जांभळा रंग येतो आणि रंग जितका गडद तितकी अमिनो आम्ले जास्त. इमॅझेथापायरच्या गटातली तणनाशके तर अमिनो आम्ले तयार होण्याच्याच आड येतात. तेव्हा फवारणीनंतर रंग फिका येईल, अशी नवख्या विद्यार्थ्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात वाटाण्यासारख्या पिकांवर झालेल्या प्रयोगांत उलटे दिसले आहे : एकूण मुक्त अमिनो आम्ले वाढतात. कारण असे की वाढ थांबल्याने ती प्रथिनांत ओवली जात नाहीत आणि जुनी प्रथिने मोडून त्यांत आणखी भर पडते. कमी होतो तो फक्त त्या तीन अडवलेल्या अमिनो आम्लांचा वाटा. जांभळा रंग गडद झाला म्हणून झाड सुखी आहे असे समजणारा प्रबंध माझ्यासमोर परीक्षक म्हणून आला होता. विद्यार्थ्याची मेहनत प्रामाणिक होती, आणि चूक त्याची एकट्याची नव्हती.

तिसरी अडचण नायट्रेट रिडक्टेज या विकराची. जमिनीतून वर आलेल्या नायट्रेटचे नायट्राइट करणारे हे विकर ताणाचे माप म्हणून फार लोकप्रिय आहे आणि त्याची चाचणी स्वस्तही आहे. पानाचे तुकडे पोटॅशियम नायट्रेट व थोडे प्रोपेनॉल घातलेल्या द्रावणात अंधारात ठेवायचे, ठरावीक वेळात बाहेर झिरपलेले नायट्राइट सल्फानिलामाइड आणि नॅफ्थिलइथिलीनडायअमाइनने गुलाबी करायचे आणि ५४० नॅनोमीटरवर वाचायचे. ही गुलाबी रंगाची किमया एकोणिसाव्या शतकात पीटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाची. पण हे विकर विलक्षण चंचल आहे. उजेडात ते जागे असते, सावली आली की काही मिनिटांत मंदावते. सकाळी दहाला एका वाफ्यातली पाने तोडली, मध्येच ढग आले, आणि दुसऱ्या वाफ्यातली पाने साडेअकराला तोडली, तर जो फरक दिसेल तो तणनाशकाचा की ढगाचा? म्हणून सर्व नमुने स्वच्छ उन्हात, एकाच तासात, खालून किंवा वरून मोजून एकाच क्रमांकाच्या पानाचे, बर्फावर ठेवून घेतले पाहिजेत. शिवाय आकडा दर ग्रॅम ओल्या पानामागे मांडायचा की दर मिलिग्रॅम प्रथिनामागे, यावर निकाल उलटू शकतो. ताण बसलेल्या पानात पाणी कमी असते, त्यामुळे ओल्या वजनाचा भाजक आपोआप लहान होतो.

त्याहून मूलभूत गोष्ट ही की गाठींवर जगणाऱ्या सोयाबीनचे बरेचसे नत्र नायट्रेटच्या वाटेने येतच नाही. गाठीत तयार झालेला अमोनिया तिथेच ग्लुटामिनमध्ये बांधला जातो, त्यातून शेवटी अ‍ॅलँटॉइन आणि अ‍ॅलँटोइक आम्ल ही युराइड नावाची संयुगे होतात आणि ती खोडातल्या रसातून पानांकडे चढतात. म्हणून खोडाच्या रसात किंवा वाळलेल्या खोडात युराइडे आणि नायट्रेट यांचे परस्परप्रमाण मोजले, तर झाड त्या आठवड्यात हवेतल्या नत्रावर जगत होते की जमिनीतल्या, हे बऱ्याच विश्वासाने सांगता येते. ही चाचणीही रंगाचीच आहे, तिला महागडे यंत्र लागत नाही. तणनाशकाच्या ताणासाठी याहून नेमके माप मला तरी ठाऊक नाही. गाठींना अ‍ॅसिटिलीन देऊन किती इथिलीन तयार झाले ते वायू वर्णलेखन यंत्रावर मोजणे, किंवा नत्राच्या १५ वस्तुमानाच्या समस्थानिकाचा माग काढणे, या पद्धती ज्या संस्थांकडे साधने आहेत त्यांनी जरूर वापराव्यात. पण साधनांअभावी मोजमापच होऊ नये, अशी परिस्थिती नाही.

आणखी एक बारकावा, जो चाचणीच्या आराखड्यात सहज निसटतो. इमॅझेथापायर बाजारात बहुधा चिकटद्रव्य आणि अमोनियम सल्फेट यांच्यासह मिळते, आणि तिन्ही मिसळूनच फवारायचे असते. अमोनियम सल्फेट हे स्वतःच २१ टक्के नत्राचे खत आहे. मग तुलनेच्या वाफ्यावर नुसते पाणी फवारून कसे चालेल? तिथेही चिकटद्रव्य आणि अमोनियम सल्फेट तेवढ्याच मात्रेत गेले पाहिजे, आणि तो वाफा हाताने खुरपून तणमुक्त ठेवला पाहिजे. तणाने भरलेल्या वाफ्याशी तुलना केली तर कोणतेही तणनाशक नत्राचे मित्रच ठरेल. शिफारशीची मात्रा आणि तिची दुप्पट अशा दोन्ही पातळ्या हव्यात, कारण शेतात वळणावर, ओळीच्या टोकाला आणि टोपणाने औषध मोजण्याच्या आपल्या सवयीमुळे दुप्पट मात्रा रोजच पडते. एकरी २०० लिटर पाण्यासाठी १५ लिटरचे तेरा पंप व्हायला हवेत. सहा-सात पंपांत एकर उरकणारे आपल्यात किती आहेत, हे मला सांगायला नको.

आता पिवळेपणाकडे येतो, कारण युरियाचा सल्ला तिथूनच निघतो. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त रानांत पावसाळ्यात सोयाबीनचे कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या राहतात, ती लोहाची उणीव असते. नत्र कमी पडले की आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात. इमॅझेथापायरचा ताण शेंड्यावर दिसतो आणि खालची पाने हिरवी राहतात. पाणी साचले तर सगळे झाडच निस्तेज होते, आणि पिवळा मोझॅक झाला तर पानावर हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी उमटते. पाच कारणांचा एकच शब्द आपण वापरतो : पिवळे पडले. पानाच्या हिरवेपणावरून नत्र सांगणारे क्लोरोफिल मीटरही या पाचांत भेद करत नाही, ते फक्त हिरवेपणा वाचते. तणनाशकामुळे शेंडा पिवळा झाला असेल तर झाडाला नत्र कमी पडलेले नसते, ते वापरता येत नसते. अशा वेळी जमिनीत युरिया टाकला की मुळांभोवती नायट्रेट वाढते, आणि नायट्रेट भरपूर असले की शेंगवर्गीय झाड नव्या गाठी धरण्यात हात आखडता घेते. हे शास्त्रात पूर्वीपासून पक्के आहे. म्हणजे आधीच मागे पडलेल्या गाठींवर आपण दुसरा आघात करतो, आणि त्यासाठी पैसेही मोजतो. चार दिवसांनी झाड स्वतःच्या बळावर हिरवे होते आणि श्रेय युरियाला जाते. पुढच्या वर्षी फवारणीबरोबरच युरियाचे पोते घरात येते.

तणनाशकाचा परिणाम दर वेळी वाईटच निघेल, असे धरून मी हे लिहीत नाही. १९६७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी सिमाझिन हे तणनाशक अगदी अल्प मात्रेत दिले तेव्हा झाडांतील नायट्रेट रिडक्टेजची क्रिया आणि प्रथिने वाढल्याचे दाखवले होते. मारक मात्रेच्या खूप खाली एखादे द्रव्य वेगळेच वागू शकते. म्हणूनच मोजावे लागते. भीती आणि भरवसा, दोन्ही आकड्यांवर उभे असावेत.

राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संशोधन शिफारशींवर दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीत चर्चा होते. माझी विनंती त्या समितीला आहे, आणि आपल्या दैनिकामार्फत ती पोहोचावी अशी इच्छा आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद या शेंगवर्गीय पिकांतील तणनाशकाची कोणतीही नवी शिफारस मान्य करताना फवारणीनंतर साधारण सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तसेच फुलोऱ्यात गाठींची संख्या, वजन आणि आतला रंग, खोडातील युराइडांचे प्रमाण, आणि काढणीला एकूण नत्र किती उचलले गेले, एवढी माहिती तरी मागावी. ती किमान दोन वाणांवर असावी, कारण जेएस ३३५, एमएयूएस ७१ आणि फुले संगम यांना एकाच औषधाचा सारखाच ताण बसेल असे गृहीत धरण्याचे कारण नाही. भारी काळ्या रानात आणि हलक्या मुरमाड रानात ती वेगवेगळी घ्यावी. इमॅझेथापायरचा काही अंश जमिनीत महिनोन्महिने राहतो, म्हणून सोयाबीनमागे येणाऱ्या हरभऱ्याच्या गाठीही एकदा मोजून पाहाव्यात. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा आहे, आणि सोयाबीनच्या जिवाणूने सोसले म्हणून त्यानेही सोसावे, असा नियम नाही. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय आणि इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था यांच्याबरोबर एकच कार्यपद्धती ठरवली, तर मध्य प्रदेशातले आणि आपले आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतील.

या खर्चाला पैसा कुठून आणायचा, असे कोणी विचारेल. युराइडची आणि नायट्राइटची चाचणी रंगाची गडदता मोजणाऱ्या साध्या कलरीमीटरवर होते, आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या जवळपास प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात आहे. गाठी कापून पाहायला तर ब्लेड आणि बादलीभर पाणी लागते. जुलैच्या शेवटी पदवीच्या विद्यार्थ्यांना जवळच्या शिवारात नेले, फवारलेली व खुरपलेली झाडे शेजारी शेजारी ठेवून गाठी मोजायला लावल्या, तर त्यांचा प्रात्यक्षिकाचा तासही सार्थकी लागेल आणि तालुक्यागणिक माहितीही जमेल. कृषी विज्ञान केंद्रांनी हे काम हाती घेतले तर त्याला शिस्त येईल. गाठ कापल्यावर आतला गुलाबी रंग पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा मी वर्गात शेकडो वेळा पाहिला आहे. त्या क्षणी त्याला नत्राचे चक्र कळते, ते फळ्यावर काढलेल्या बाणांनी कळत नाही.

आपल्या शेतीच्या पानाकडून माझी अपेक्षा छोटीच आहे. ‘सोयाबीन पिवळे पडले’ असा प्रश्न आला की खताचे नाव सुचवण्याआधी तीन गोष्टी विचारल्या जाव्यात : आधी कोवळे पान पिवळे झाले की जुने, फवारणी कोणत्या दिवशी आणि किती पंपांत केली, आणि दोन झाडे उपटून गाठी कापल्या तर आतून कोणता रंग दिसला. उत्तर देणाऱ्या तज्ज्ञांनाही यामुळे सोपे जाईल, आणि वाचकाला झाड उपटून पाहण्याची सवय लागेल.

यंदाच्या खरिपात मी माझ्या शेतात दहा ओळी फवारणीविना ठेवून खुरपणार आहे, आणि त्यांच्या शेजारच्या दहा ओळींवर शिफारशीच्या मात्रेत फवारणी करणार आहे. तिसऱ्या पट्ट्यावर नुसते चिकटद्रव्य आणि अमोनियम सल्फेट जाईल, आणि तोही खुरपला जाईल. परिसरातील ज्या महाविद्यालयाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला नमुने हवे असतील त्यांनी फवारणीनंतरच्या सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी दहाच्या आत यावे. बर्फाची पेटी तेवढी सोबत आणावी. मुळे धुवायला विहिरीवर पाणी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापक व सोयाबीन उत्पादक,
ता. औसा, जि. लातूर